शेवळं, काकडं आणि जांभळा रंग

जूनच्या सुरुवातीला ठाणे स्टेशनबाहेरच्या बाजारात शेवळं दिसू लागतात. जमिनीतून नुकतीच वर आलेली, तपकिरी-जांभळट आवरणात गुंडाळलेली वीतभर लांबीची ही फुलं जुड्या बांधून पोत्यावर मांडलेली असतात. शेजारी काकडांचा ढीग असतो. काकड म्हणजे आवळ्यासारखं दिसणारं हिरवं, आंबट-तुरट फळ. एरवी त्याला कोणी विचारत नाही, पण शेवळांच्या दिवसांत त्याच्याशिवाय पान हलत नाही.

मी ज्यांच्याकडून शेवळं घेते त्या मावशी कर्जतकडून पहाटेच्या लोकलने येतात. गिऱ्हाईक नवखं दिसलं, की जुडी हातात देण्याआधी त्या विचारतात, "काकडं घेतली का? काकडाबिगर शेवळं नेऊ नको, ताई. घसा धरंल." मग आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाक, हाताला तेल लाव, बारीक चीर, काकडाच्या रसात उकड, असं सगळं सांगतात. हे सांगून होईपर्यंत त्या पैसे घेत नाहीत. मलाही पहिल्या वर्षी हे सगळं ऐकावं लागलं होतं.

त्या वर्षी मी मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागात नुकतीच रुजू झाले होते. आज त्याला २६ वर्षं झाली. एवढा काळ मी खाण्याच्या वनस्पतींवर काम करते आहे. भाजी, कंद, फळ, बी, जे लोक खातात ते प्रयोगशाळेत आणायचं आणि त्याला दोन प्रश्न विचारायचे: याने काय भलं होतं, आणि याने काही वाईट तर होत नाही ना? कागदावर हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी असतात. प्रत्यक्षात पहिल्या प्रश्नाला पैसे मिळतात, विद्यार्थी मिळतात, वर्तमानपत्रात जागा मिळते. दुसरा प्रश्न बहुतेक वेळा 'पुढील संशोधनाची दिशा' म्हणून प्रबंधाच्या शेवटच्या पानावर जाऊन बसतो. मावशींच्या पोत्यावर मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी मिळतं आणि भाजी नंतर.

पहिल्या प्रश्नासाठी आमच्याकडे सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी डीपीपीएचची. हा पदार्थ मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळं द्रावण तयार होतं. त्यात वनस्पतीचा अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला रंग मोजायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असतील तर जांभळा रंग उतरत जातो आणि द्रावण पिवळं होतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा मला अजून आवडतो. जंगलातून आणलेल्या एका साध्या पानाने डोळ्यांदेखत रंग पालटलेला असतो. भारंगी, टाकळा, कुर्डू, फोडशी, एकामागून एक भाज्या आम्ही या जांभळ्या रंगात सोडल्या. जवळजवळ प्रत्येकीने तो कमी-अधिक उतरवला. आम्ही तक्ते केले आणि ज्या भाजीने रंग सर्वांत लवकर उतरवला तिला सर्वांत वर बसवलं.

दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही यकृताच्या पेशी वापरत असू. खाल्लेलं सगळं आधी यकृताकडे जातं, म्हणून तिथून सुरुवात. या पेशींचं नाव हेप जी-२. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून त्या १९७०च्या दशकात वेगळ्या केल्या गेल्या आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या मुलाचं नाव आम्हाला ठाऊक नाही. नव्या विद्यार्थ्याला मी पेशींची बाटली हातात देते तेव्हा ही माहिती आधी सांगते. हातात काय आहे हे कळलं की हात आपोआप जपून चालतो.

९६ बारीक खळग्यांच्या पट्टीत या पेशी वाढवायच्या, प्रत्येक ओळीत अर्काची मात्रा चढवत न्यायची आणि दुसऱ्या दिवशी एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा करतात, मेलेल्या पेशी करू शकत नाहीत. म्हणजे पहिल्या चाचणीत जांभळा गेला की आनंद, आणि दुसरीत जांभळा आला की आनंद.

एका वर्षी एका रानभाजीच्या अर्कावर एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर काम करत होती. भाजीने डीपीपीएचमध्ये उत्तम गुण मिळवले होते. एमटीटीचे आकडे आले आणि आम्ही दोघी हरखून गेलो. मात्रा वाढवत नेली तरी पेशी मरत नव्हत्याच, उलट सर्वांत जास्त मात्रेच्या खळग्यांत जांभळा रंग सर्वांत गडद होता. अर्क निर्धोक तर आहेच, शिवाय यकृताच्या पेशींना पोसतो आहे, असा आम्ही अर्थ काढला. गोषवारा लिहून तयार झाला.

तो छापायला जाण्याआधी विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "पेशी न घातलेल्या खळग्यात अर्क आणि एमटीटी टाकून पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्या खळग्यांत एकही पेशी नव्हती, नुसता अर्क आणि पिवळा रंग. तीन तासांनी तेही खळगे जांभळे झाले.

कारण समजायला वेळ लागला नाही. एमटीटीचा पिवळा जांभळा होतो तो त्याला इलेक्ट्रॉन मिळाल्यामुळे. ते जिवंत पेशीतून मिळाले काय किंवा भाजीतल्या पॉलिफेनॉलमधून मिळाले काय, रंगाला फरक कळत नाही. डीपीपीएचचा जांभळा रंग उतरवणारीही हीच क्षमता होती. पहिल्या चाचणीत ज्या गुणाचं आम्ही कौतुक केलं, त्याच गुणाने दुसऱ्या चाचणीत आमची दिशाभूल केली. पेशी मेल्या असत्या तरी आम्हाला त्या ठणठणीत दिसल्या असत्या.

तीन महिन्यांचं काम आम्ही पुन्हा केलं. या वेळी रंग घालण्याआधी पेशी धुऊन अर्क काढून टाकला आणि मेलेल्या पेशींतून बाहेर सांडणारं एंझाइम वेगळ्या चाचणीने मोजलं. खरं चित्र मध्यम निघालं: कमी मात्रेत काही नाही, जास्त मात्रेत पेशींना त्रास. त्या विद्यार्थिनीला रडू आलं तेव्हा मी तिला सांगितलं, की आपण चुकीचा आश्वासक आकडा जगात जाऊ दिला नाही, हेच या वर्षाचं काम. हे मी तिची समजूत घालण्यापुरतं बोलले नव्हते. आजही माझं तेच मत आहे.

तेव्हापासून मी अँटिऑक्सिडंटच्या आकड्याकडे फार सावधपणे पाहते. त्यामागे मोठे दाखलेही आहेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत काही गटांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं गेलं. गाजरात, आंब्यात, हिरव्या पालेभाज्यांत असणारं हे द्रव्य कर्करोग टाळेल अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर खाद्यपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारा आपला प्रसिद्ध तक्ता २०१२ साली मागे घेतला, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांवरून शरीरातल्या फायद्याचा अंदाज बांधता येत नव्हता आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होत होता. गाजर वाईट ठरलं नाही. गाजरातून एक द्रव्य वेगळं काढून, गोळी करून, वर्षानुवर्षं देणं ही निराळीच गोष्ट ठरली.

पेशींच्या पुढे उंदीर येतात. याविषयी बोलायला मला जड जातं, पण न बोलणं बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका टप्प्यात तीन प्राणी घेतात, अर्क थेट पोटात सोडतात आणि १४ दिवस लक्ष ठेवतात. आमच्या नैतिकता समितीपुढे प्रत्येक प्राण्याचा हिशेब द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा. रोज सकाळी वजन करायचं. निरोगी उंदीर उचलून परत ठेवला की पुढच्या दोन पायांनी तोंड पुसतो आणि अंगावरचे केस चाटून नीट करतो. त्याने हे करायचं सोडलं आणि केस विस्कटलेले दिसले, की रक्ततपासणीच्या आधीच कळतं, काहीतरी बिघडतं आहे. त्यांच्या जिवावर मिळालेला आकडा उगाच मिरवला जाऊ नये किंवा कपाटात पडून राहू नये, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

आणि नेमका असा आकडा मिरवला गेल्याचा अनुभव मला आला. शेवग्याच्या पानांची भुकटी विकणाऱ्या एका व्यावसायिकाने आमच्याकडे नमुना दिला. त्यांना फक्त अँटिऑक्सिडंटची चाचणी हवी होती. मी सुचवलं, की शिसं आणि कॅडमियम तपासू, जंतू आणि बुरशी तपासू, फवारणीचे अंश तपासू. पानं वाळवून भुकटी केली की पानातलं चांगलं जसं एकवटतं, तसं पानावरचं वाईटही एकवटतं. त्याआधीच आम्हाला महामार्गाच्या कडेला खुडलेल्या टाकळ्यात, आत डोंगरावरच्या टाकळ्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं सापडलं होतं. भाजी तीच, जागा वेगळी. त्यांनी नको म्हटलं. काही महिन्यांनी डब्यावर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापलेलं दिसलं आणि खाली मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंतची यादी होती. आमच्या अहवालात त्यातला एकही शब्द नव्हता. आम्ही लेखी हरकत घेतली आणि तेव्हापासून नियम केला: सुरक्षिततेच्या चाचण्या करायच्या नसतील तर फायद्याची चाचणीही इथे होणार नाही. त्यामुळे काही कामं गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

याच काळात आमच्या इमारतीतल्या एका काकांना पहाटे उलट्या आणि रक्ती जुलाब सुरू झाले. ते रोज सकाळी दुधीचा रस घेत. त्या दिवशीचा रस कडू होता, तरी कडू ते गुणकारी असं समजून त्यांनी पेला संपवला. वेळेवर उपचार मिळाले आणि ते वाचले. सगळेच वाचत नाहीत. २०१० साली दिल्लीत अशाच रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. काकडी, दुधी, दोडका यांच्या कुळात क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात ती अचानक वाढतात. बाहेरून दुधी तसाच गोंडस दिसतो. या विषावर उतारा नाही. समितीने सांगितलं ते अगदी साधं होतं: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नका.

ते वाचताना मला आई आठवली. काकडी असो वा दुधी, देठाकडची चकती कापून जिभेवर ठेवल्याशिवाय ती पुढे चिरत नसे. कडू निघाली तर तशीच बाहेर. ही आमच्या घरातली विषचाचणी होती आणि तिला उपकरण लागत नव्हतं. दुधी रसाच्या भांड्यात गेला, त्यात आवळा, आलं, पुदिना पडला आणि ही चाचणी गळून गेली. कडूपणा झाकला गेला, आणि भाजीत चार फोडी खाल्ल्या असत्या तिथे अख्ख्या दुधीचा अर्क एका घोटात पोटात गेला.

इथे मला माझ्या कामाचा खरा अर्थ लागत गेला. आपल्याकडे खाण्याच्या वनस्पतीबरोबर तिची रीतही चालत आलेली असते. किती, कधी, कशाबरोबर, काय काढून टाकायचं, कुठलं पाणी ओतून द्यायचं. सुरणाला आमसूल किंवा चिंच, अळूच्या फदफद्याला चिंच, शेवळांना काकड. वनस्पती रीत सोडून बाहेर पडते, म्हणजे रस होते, भुकटी होते, कॅप्सूल होते, किंवा दुष्काळात एकटीच ताटात उरते, तेव्हा धोका सुरू होतो. विदर्भातली लाखोळी याचीच साक्ष आहे. इतर डाळी-भातासोबत थोडी खाल्ली जाणारी ही डाळ दुष्काळात तग धरते, म्हणून टंचाईच्या काळात गरिबाच्या ताटात महिनोन् महिने तीच उरे, आणि धडधाकट माणसांचे पाय लुळे पडत. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ साली बंगळुरूमध्ये एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी तिच्यातलं विष वेगळं करून ओळखलं, ते म्हणजे ओडीएपी. ही ओळख पटल्यामुळेच पुढे हे द्रव्य कमी असलेले 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे वाण निघू शकले. सुरक्षिततेचा प्रश्न विचारणं म्हणजे अन्नाला नावं ठेवणं नव्हे. तो नीट विचारला, की अन्न टिकवण्याची वाट सापडते.

मग मी आमची पद्धत बदलली. तोवर आम्ही भाजी सावलीत वाळवायचो, दळायचो आणि मिथेनॉलमध्ये अर्क काढायचो. कोणत्या घरात भाजी मिथेनॉलमध्ये शिजते? मी प्रयोगशाळेसाठी पातेलं आणलं, विळी आणली, आणि एका जूनमध्ये दोन विद्यार्थ्यांना घेऊन मावशींच्या घरी गेले.

त्यांनी अंगणात चुलीवर शेवळं रांधली आणि आम्ही प्रत्येक गोष्ट मोजली. काकडं किती, विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मूठभर." आम्ही त्यांची मूठ तराजूवर रिकामी केली. पुन्हा घ्यायला सांगितलं, पुन्हा मोजली. तीन वेळा घेतलेल्या तीन मुठींत एका काकडाचाही फरक नव्हता. शेवळांची बाहेरची आवरणं त्यांनी एकेक करून उलगडली, आतला पिवळा भाग नखाने खुडून बाजूला टाकला. तो टाकलेला भागही आम्ही पिशवीत भरून घेतला. त्या हसल्या नाहीत. "तपासा," म्हणाल्या, "पोरांना सांगायला बरं."

परत येऊन आम्ही कच्च्या शेवळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काडेपेटीतल्या काड्यांसारख्या गठ्ठ्यांनी कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया दिसल्या. घशाला टोचतात त्या ह्याच. त्या पाण्यात विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी ते खुडणं, बारीक चिरणं आणि काकडाचा आंबट रस. पण ऑक्झलेटचा दुसरा भाग पाण्यात विरघळणारा असतो. तो रक्तात उतरतो आणि मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना त्रासाचा ठरतो. त्यासाठी आम्ही तीन नमुने घेतले: कच्ची भाजी, शिजून पिळलेली भाजी आणि ओतून दिलेलं पाणी. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन गरम द्रावणातच करावं लागतं. थेंब पडतो, गुलाबी होतो, विरून जातो, पुन्हा थेंब. गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. भाजीच्या नमुन्याला थोडक्या थेंबांत छटा टिकली. ओतून दिलेल्या पाण्याला मात्र थेंब संपता संपेनात. नको असलेलं बरंच काही त्या पाण्यातून गेलं होतं.

त्या पाण्याबरोबर काही अँटिऑक्सिडंटही गेले होते. शिजलेल्या भाजीचा डीपीपीएचचा आकडा कच्च्यापेक्षा खाली आला. पूर्वीची मी असते तर हळहळले असते, 'पोषणमूल्यांचा ऱ्हास' असं लिहिलं असतं. या वेळी अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि खाली लिहिलं, की हा तोटा पत्करूनच ही भाजी खाण्याजोगी होते. तक्त्यात ती आता पहिल्या क्रमांकावर नाही, पण आहे ती जागा खरी आहे.

आता आमच्याकडे येणारी प्रत्येक भाजी आधी कोणीतरी रांधते. नमुन्याच्या नोंदवहीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव, ब्लॅटर हर्बेरियममधून करून घेतलेली ओळख, खुडल्याची जागा यांच्याबरोबर आणखी एक रकाना आहे: 'कशी खातात, कोणी सांगितलं.' नवे विद्यार्थी सुरुवातीला तो रिकामा सोडतात. मी वही परत करते.

गेल्या जूनमध्ये मी शेवळं घ्यायला गेले तेव्हा पोत्यामागे मावशींची नात बसली होती. माझ्या पुढे एक तरुण मुलगा होता. फोनवर कुठेतरी रानभाज्यांचे फायदे वाचून आला असावा. "कच्ची स्मूदीत घातली तर चालतील का?" त्याने विचारलं. मुलीने त्याच्या हातातली जुडी परत घेतली, काकडांची एक मूठ कागदात बांधली आणि मग दोन्ही त्याच्या पिशवीत घातलं. "कच्ची नाय खायची, दादा," ती म्हणाली. "आधी ऐका, मग पैसे द्या."

मी मागे उभी राहून सगळं ऐकलं. पिवळा भाग, तेलाचा हात, बारीक चिरणं, काकडाचा रस. एकही गोष्ट सुटली नाही.